छोट्या केंद्रकाचं दार

कमाटीबागेच्या पुलाखालून
मगरींची नजर चुकवून
जसुभाई बाटलीभर विश्वामित्री आणायचे.
बाटलीला चिकटपट्टी, पट्टीवर गुजरातीत वार.
त्या गढूळ घोटात आमचं दैवत पोहत असे:
टेट्राहायमेना,
एका पेशीचा जीव, नासपतीच्या आकाराचा,
अंगभर लव,
आणि पोटात दोन केंद्रकं.

मोठं दिवसभर राबतं.
काय गिळायचं, कुठे वळायचं, लव कशी हलवायची,
सगळे हुकूम तिथून सुटतात.
छोटं गप्प.
तळाशी घडी घालून ठेवलेल्या शालूसारखं,
वापरात नाही, पण कुणी टाकतही नाही.

प्रथिनं मात्र शिजतात बाहेर, एकाच चुलीवर,
आणि निघतात.
कोण कुठल्या घरचं?
माझी सव्वीस वर्षं या एवढ्याशा प्रश्नावर गेली,
दोनदा लग्न ठरता ठरता राहिलं तेही याच्यात धरा.

अंगावर पाचसात अमिनो आम्लांची खूण असते.
ती वाचता येणारा एक वाटाड्या येतो,
बोट धरतो,
दारापर्यंत नेतो.
दार म्हणजे नुसतं भोक नव्हे.
गोल रांगेत आठ खांब
आणि मधे लोंबणाऱ्या लडी,
इथे घरोघरी मोत्यांचं तोरण असतं ना, तशा,
फक्त पार उंबऱ्यापर्यंत.
एकट्यादुकट्या प्रथिनाला त्या अडवतात.
वाटाड्याला ओळखतात, बाजूला होतात, पुन्हा मिटतात.
आत कुणीतरी त्याची मूठ सोडवतं
आणि तो रिकाम्या हातांनी परत बाहेर,
पुढच्यासाठी.

वर्गात मी पाणीगेटचं उदाहरण द्यायचे.
ऊर्वी पंड्या उभी राहिली:
‘पण मॅडम, दरवाजो तो एकलो ऊभो छे. भींत क्यां छे?’
खरंच की.
रिक्षा वळसा घालून जातात, कमानीला विचारतं कोण!
पेशीत वळशाची सोय नाही,
एवढंच म्हणाले, आणि फळा पुसला.

तर दोन केंद्रकं आणि दोन्हींच्या दाराला तोरणं,
पण मणी वेगळे.
हे कळायला नऊ वर्षं लागली.
मग आम्ही छोट्याच्या दारावर मोठ्याचे मणी ओवले
आणि रात्री साडेअकराला पाहिलं:
मोठ्या घरचं प्रथिन, हिरवं चमकणारं,
छोट्यात शिरून बसलं होतं
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखं अवघडून.
जसुभाई काचा विसळत होते.
‘जुओ,’ मी म्हटलं.
त्यांनी हात पुसले, डोळा लावला, बराच वेळ लावला.
‘एने बहार काढो, बेन,’ म्हणाले.
बस, इतकंच.

मार्चअखेर ते निवृत्त झाले.
फुलं, श्रीखंड, कुणाचं तरी लांबलेलं भाषण.
किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून
दारात चपला घालताना
मी म्हटलं, ‘आवजो, जसुभाई.’
ते म्हणाले,
‘येतो, बाई.’

दांडियाबाजारातल्या आमच्या जिन्यावर
निघताना जसं म्हणतात, तसं.
‘जातो’ कुणी म्हणत नाही.

‘तुम्ही...?’
‘यशवंत इंगळे. पणजोबा पागेत होते.’
‘आणि सव्वीस वर्षं...’
‘कामावर कशाला, बाई?
ती घरी असते.’

दोन पेशी जवळ येतात,
छोट्यातलं एकमेकींना देतात,
मग जुनं मोठं केंद्रक विरघळतं
आणि छोट्यातूनच नवं मोठं उभं राहतं.
दरवर्षी मी हे दोन गुणांना विचारत आले.

सोमवारी शीतकपाट उघडलं.
त्यांनी आणलेली शेवटची बाटली, अर्धी गाळ, अर्धी नदी.
पट्टीवर त्यांचंच अक्षर:
‘गुरुवार, सकाळ.’
वर, थोडी तिरकी,
सवय नसलेल्या हाताने ओढलेली
शिरोरेषा.